रकाना नसलेली नोंद : मल्टिपल स्क्लेरोसिस, स्त्रिया आणि शरीरसुखाचा प्रश्न

दैनंदिनी हा वाङ्मयप्रकार वाङ्मयेतिहासकारापेक्षा वैद्यकाच्या इतिहासकाराला अधिक उपयोगी पडला आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. ऑगस्टस द एस्ते (१७९४–१८४८) ह्या इंग्रज गृहस्थाची दैनंदिनी हे त्याचे ठळक उदाहरण. हा तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू. परंतु राजघराण्यासाठी केलेल्या विवाहकायद्याखाली त्याच्या आईवडिलांचा विवाह रद्दबातल ठरला आणि त्याचे राजघराण्यातील स्थान गेले. १८२२ च्या डिसेंबरात एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर त्याची दृष्टी एकाएकी अंधुक झाली आणि काही काळाने, काही उपचार न होताच, पूर्ववत झाली. पुढे एकामागून एक तक्रारी येत गेल्या, काही गेल्या, काही राहिल्या. जवळजवळ पाव शतक तो हे सारे लिहून ठेवत होता. डग्लस फर्थ ह्यांनी १९४८ साली ही दैनंदिनी पुस्तकरूपाने प्रकाशात आणली आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची रुग्णाने स्वतः केलेली पहिली सविस्तर नोंद म्हणून ती मान्यता पावली.

ह्या दैनंदिनीतील एका नोंदीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. एका स्त्रीशी आलेल्या संबंधात आपले सामर्थ्य उणे पडल्याचे द एस्ते लिहितो. पायांतील अशक्तपणा आणि एकाच्या दोन दिसणाऱ्या वस्तू ज्या स्वरात त्याने नोंदवल्या, त्याच स्वरात हेही नोंदवले आहे. त्यात कबुलीजबाबाचा आव नाही, विनोदाचा आडोसाही नाही. शरीर सांगते ते लिहायचे, एवढेच. आजाराने आपले शरीरसुख कसे बदलले हे स्त्रीने इतक्याच मोकळेपणी लिहावे आणि त्या लिखाणाला वाङ्मयात प्रतिष्ठा मिळावी, ह्यासाठी त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात नेमके काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

आधी आजाराबद्दल थोडे. मेंदू आणि मज्जारज्जू ह्यांतील तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून ह्या आवरणावरच उलटते, ते जागोजागी झिजते आणि संदेश अडखळू लागतात. आवरण कुठे झिजले त्यावर लक्षणे अवलंबून. त्यामुळे दोन रुग्णांचे आजार क्वचितच एकसारखे दिसतात. बहुधा वयाच्या विशी ते चाळिशीच्या दरम्यान आजाराची सुरुवात होते आणि स्त्रियांत तो पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो. लघवी, शौच आणि जननेंद्रिये ह्या तिहींचा कारभार पाहणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या तळाशी, त्रिक भागातून निघतात, म्हणजे अगदी शेजारी शेजारी. शरीररचनेचा विचार केला तर ह्या आजारात कामजीवनाला धक्का पोचणे मुळीच अनपेक्षित नाही. अनपेक्षित आहे ते एवढेच, की डॉक्टरांनी लघवीबद्दल शंभर वर्षे विचारले आणि तिच्या शेजारणीबद्दल विचारले नाही.

ह्या मौनाचा उगम शोधायचा तर पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जावे लागते. हजारो निराधार, वृद्ध, विकलांग आणि वेडसर स्त्रियांना सामावणारी ही संस्था जाँ-मार्तँ शार्को ह्या मज्जाविकारतज्ज्ञाची प्रयोगशाळा होती असे म्हणायला हरकत नाही. १८६८ साली त्याने ह्या आजाराचे पहिले सुसूत्र वर्णन केले आणि नाव दिले ‘स्क्लेरोझ आँ प्लाक’. हलणारी बुबुळे, काही करायला जाताच कापणारा हात आणि तुटक तुटक बोलणे ही त्याने सांगितलेली लक्षणांची त्रयी वैद्यकाचे विद्यार्थी अजून पाठ करतात. त्याचा शिष्य बूर्नव्हिल ह्याने गेरार ह्या सहकाऱ्याबरोबर १८६९ साली ह्याच आजारावर पुस्तक लिहिले.

आणि हाच बूर्नव्हिल! पुढे १८७६ ते १८८० ह्या काळात त्याने रेन्यार ह्या सहकाऱ्याबरोबर साल्पेत्रिएरमधील छायाचित्रांचा तो प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला, ज्यात हिस्टेरियाच्या तरुण रुग्ण स्त्रियांच्या झटक्यांची एकेक अवस्था टिपलेली आहे. कामुक समजल्या गेलेल्या मुद्रांना त्यात खास नाव होते, खास जागा होती. ह्या छायाचित्रांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. स्त्रीवादी समीक्षेच्या विद्यार्थ्यांना ‘ऑगस्तीन’ हे नाव नवे नाही. परंतु त्या छायाचित्रांच्या शेजारी बूर्नव्हिलचे आधीचे पुस्तक ठेवून पाहावे, असे फारसे कुणाला सुचलेले दिसत नाही. एकाच रुग्णालयात, एकाच लेखकाच्या हाताखाली, दोन प्रकारच्या स्त्रिया आहेत. एकीच्या बाबतीत कामभावनेखेरीज दुसरे काही दिसेनासे झाले आहे. दुसरीचे वर्णन कंप, वाचा, नेत्र आणि चाल ह्यांत पुरे होते. हिस्टेरिया ह्या शब्दाच्या मुळाशीच गर्भाशय आहे. स्क्लेरोसिसच्या मुळाशी काठिण्य आहे. जणू जिला खरा, शरीरात दाखवता येणारा आजार आहे तिला कामभावना नाही आणि जिला कामभावना आहे तिचा आजार खरा नाही, अशी वाटणी होऊन गेली होती.

ही वाटणी केवळ ग्रंथात राहिली असती तर गोष्ट वेगळी. येणारी जाणारी लक्षणे, तपासणीत काही सापडू नये आणि बाई मात्र पाय बधिर झाले म्हणते, ह्या वर्णनाला एकोणिसाव्या शतकात एक तयार नाव होते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयातले टॉमस बझर्ड ह्यांनी १८९१ साली एक पुस्तकच लिहिले, की मज्जासंस्थेचे खरे विकार हिस्टेरियाचे सोंग घेतात तेव्हा सावध राहा. सोंग कोण घेते हे पाहण्यासारखे आहे. बझर्ड ह्यांच्या मांडणीत फसवणूक करणारी बाई नाही, आजार आहे. हा त्या काळाच्या मानाने फार मोठा न्याय होता. तरीही एक भीती मागे राहिली. जिला आधीच ‘नर्व्हस’ ठरवून घरी पाठवले आहे, ती दुसऱ्या खेपेला आपल्या जननेंद्रियाच्या बधिरपणाबद्दल बोलेल, ही अपेक्षा करणेच व्यर्थ होते. तसे बोलणे म्हणजे जुन्या निदानाला स्वतःच्या तोंडाने पुरावा देणे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या स्त्रियांच्या लैंगिक आयुष्याची नोंद होऊ लागली, पण एकाच सदराखाली: गर्भारपण. मूल होऊ द्यावे की नाही? बाळंतपणाने आजार बळावतो, अशी समजूत रूढ होती. लग्न करू नका, केले असेल तर मूल टाळा, राहिलेच तर पाडा, असा सल्ला जबाबदार डॉक्टर सद्भावनेने देत असत. सल्ल्याचा हा सारा संसार गर्भाशयाच्या दाराशी थांबे. पतीचा विचार त्यात होता, होऊ घातलेल्या मुलाचा होता. त्या शय्येवर स्वतः त्या बाईला काय वाटते, हा प्रश्न वैद्यकाचा आहे असे कुणाला वाटले नाही.

ह्याच काळातली एक गाजलेली दैनंदिनी येथे आठवणे अपरिहार्य आहे. ‘बार्बेलिअन’ हे टोपणनाव घेतलेल्या ब्रूस कमिंग्ज (१८८९–१९१९) ह्या निसर्गशास्त्रज्ञाची ‘द जर्नल ऑफ अ डिसअपॉइंटेड मॅन’ १९१९ साली एच. जी. वेल्स ह्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. १९१५ च्या सप्टेंबरात त्याचे लग्न झाले. दोन महिन्यांनी सैन्यभरतीसाठी जाताना त्याने डॉक्टरांनी दिलेले बंद पाकीट फोडले आणि आपल्याला काय झाले आहे हे त्याला प्रथमच कळले. पुढे त्याला आणखी एक गोष्ट समजली: त्याच्या पत्नीला हे लग्नाआधीच ठाऊक होते, आणि तरी तिने लग्न केले होते. इंग्रजी आत्मपर गद्यातील हा एक विलक्षण प्रसंग आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात तत्कालीन व्यवहाराची पुरी रीत दिसते. डॉक्टर, आप्त आणि भावी जोडीदार रुग्णाला वगळून बोलत आहेत. लग्न ठरते आहे, पण ज्या शरीराचे लग्न ठरते त्याच्याशी कुणी बोललेले नाही. पुरुष रुग्णाची ही कथा, तर स्त्रीच्या वाट्याला काय आले असेल ते सांगायला नको.

१९४५ साली न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी हिने आपल्या आजारी भावासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की ह्या आजारातून बरा झालेला कुणी असल्यास कळवावे. बरा झालेला कुणी निघाला नाही, मात्र तिच्यासारख्याच शोधात असलेल्यांची पत्रे आली आणि त्यांतून १९४६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९५३ साली तशीच संस्था झाली. पैसा संशोधनाला, चाकाची खुर्ची गरजूला, पत्रक सर्वांना, असे ह्या संस्थांचे काम चालले. त्याबद्दल कृतज्ञता बाळगूनच म्हणायला हवे, की शय्यागृहाचे दार ह्या संस्थांनीही पहिली दोन-तीन दशके फारसे ठोठावले नाही.

दार उघडले ते १९७० च्या दशकात, आणि बाहेरून. एकीकडे किन्सी (१९५३) आणि मास्टर्स व जॉन्सन (१९६६, १९७०) ह्यांच्या कामामुळे स्त्रीच्या कामसुखाबद्दल शास्त्रीय भाषेत बोलणे शक्य झाले होते. दुसरीकडे विकलांगांच्या चळवळी आपल्या हक्कांची यादी करू लागल्या होत्या. १९७६ साली जॅक अ‍ॅनन ह्या मानसशास्त्रज्ञाने चार पायऱ्यांची एक साधी रीत मांडली. पहिली पायरी परवानगी, मग थोडी माहिती, मग त्या व्यक्तीपुरत्या विशिष्ट सूचना, आणि शेवटी, लागलेच तर, सखोल उपचार. ह्यातली पहिली पायरी मला फार अर्थपूर्ण वाटते. परवानगी म्हणजे रुग्णाला बोलण्याची मोकळीक आहे हे डॉक्टराने, परिचारिकेने किंवा समुपदेशकाने आपण होऊन सांगणे. बहुसंख्य लोकांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांतच भागते, शेवटच्या पायरीपर्यंत थोडेच जातात, असे अ‍ॅननचे म्हणणे. ज्या गोष्टीसाठी शंभर वर्षे तज्ज्ञांची वाट पाहिली गेली, तिचा मोठा भाग वॉर्डातल्या परिचारिकेला करता येण्यासारखा होता!

‘सेक्शुअ‍ॅलिटी अँड डिसेबिलिटी’ हे नियतकालिक १९७८ साली निघाले आणि त्याच्या पहिल्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथील मज्जाविकारतज्ज्ञ पेर ओलोव्ह लुंडबर्ग ह्यांनी ह्या आजारातील कामजीवनावर लेख लिहिला. १९८१ साली त्यांनी केवळ स्त्री रुग्णांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. आजार सौम्य असलेल्या, हिंडत्याफिरत्या स्त्रियांनाही अशा अडचणी येतात, हे त्यातून पुढे आले. ह्याचा अर्थ असा, की चाकाच्या खुर्चीकडे पाहून केलेले अंदाज दोन्ही बाजूंनी चुकत होते. खुर्चीतल्या बाईला इच्छाच नसणार असे गृहीत होते आणि चालणाऱ्या बाईला अडचणच नसणार असेही. १९९५ साली लुंडबर्ग आणि हुल्टर ह्यांनी आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या ४७ स्त्रियांशी सविस्तर बोलून पुढचा निबंध लिहिला. सुमारे ६० टक्के स्त्रियांनी कामेच्छा कमी झाल्याचे सांगितले, ४० टक्क्यांनी कामपूर्ती कठीण झाल्याचे, ३६ टक्क्यांनी योनीतील ओलावा घटल्याचे. आकडे महत्त्वाचे आहेतच. पण ह्या सत्तेचाळीस जणींना आजारापूर्वीचे आणि आजारानंतरचे असे दोन्ही विचारले गेले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आजारापूर्वी तिला एक कामजीवन होते आणि ते तिच्या मालकीचे होते, हे त्या प्रश्नातच मान्य झाले आहे.

आता नॅन्सी मेअर्झ (१९४३–२०१६). अमेरिकी ललितनिबंधाच्या अभ्यासकांना ‘ऑन बीइंग अ क्रिपल’ हा तिचा निबंध परिचित असेल. तो १९८६ च्या ‘प्लेनटेक्स्ट’ ह्या संग्रहात आहे. तिशीच्या उंबरठ्यावर तिच्या आजाराचे निदान झाले. विकलांगांसाठी जे सौम्य, गोड शब्द घडवले जातात ते तिला मानवत नाहीत, आणि ती स्वतःसाठी जाणूनबुजून तो जुना, बोचरा शब्द निवडते. आपल्याकडे ‘अपंग’चे ‘विकलांग’ आणि ‘विकलांग’चे ‘दिव्यांग’ झाले. मेअर्झ मराठीत लिहिती तर तिने ह्या तिहींना नाकारून ‘पांगळी’ म्हटले असते, ह्यात शंका नाही. तिची ही शब्दनिष्ठा आणि कामजीवनाबद्दलचे तिचे लेखन ह्यांत एक आतला धागा आहे. ‘रिमेंबरिंग द बोन हाउस’ (१९८९), ‘कार्नल अ‍ॅक्ट्स’ (१९९०), ‘वेस्ट-हाय इन द वर्ल्ड’ (१९९६) ह्या पुस्तकांतून ती शरीराबद्दल लिहिते तेव्हा शरीर म्हणजे इच्छा, लाज, वाकडे झालेले पाऊल, नवऱ्याचा हात आणि लघवीची पिशवी हे सारे एकाच वाक्यसमूहात येते. डॉक्टरी निबंधाने ज्यांची वेगवेगळी टक्केवारी काढली, त्या गोष्टी तिच्या लिखाणात एकमेकींना चिकटलेल्या आहेत, जशा त्या जगण्यात असतात.

‘कार्नल अ‍ॅक्ट्स’ ह्या शीर्षकनिबंधाचा जन्म एका भाषणातून झाला. आजाराला तोंड कसे देते आणि लेखिका म्हणून आवाज कसा सापडला, ह्या दोन गोष्टींवर बोला, असे तिला सांगण्यात आले होते. तिच्या ध्यानात आले, की हे दोन विषय नाहीत, एकच आहे. ज्या लाजेने बाईला आपल्या शरीराबद्दल गप्प केले, तीच लाज तिच्या लेखणीवर बसलेली असते. समीक्षकांनी मेअर्झचे धाडस वाखाणले. हा शब्द मला अपुरा वाटतो. ती जे करते ते द एस्तेने केलेलेच आहे. शरीर सांगते ते लिहायचे. फरक एवढाच, की त्याला तसे लिहिताना कुणाची परवानगी लागली नाही. अ‍ॅननची पहिली पायरी मेअर्झने स्वतःपुरती स्वतःच बांधली आणि नंतर कितीतरी वाचक स्त्रिया तिच्यावरून चढल्या.

ह्यानंतरच्या इतिहासात १९९८ हे वर्ष चमत्कारिक आहे. त्या वर्षी चार गोष्टी घडल्या आणि चारही आपल्या विषयाच्या आहेत. मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, पुरुषांसाठी मंजूर झाले. युरोपातील बारा देशांत मिळून झालेला गर्भारपणावरील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आजाराचे झटके घटतात आणि प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, असे त्यात दिसले आणि ‘मूल नकोच’ ह्या जुन्या सल्ल्याची पकड ढिली झाली. मेलबर्नच्या हेलन ओकॉनेल ह्या शल्यविशारद बाईंनी शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले, की शिश्निका, म्हणजे डॉक्टरी भाषेतील क्लिटोरिस, पाठ्यपुस्तकांत दाखवतात त्याहून खूप मोठी आणि खोलवर पसरलेली असते. मनुष्य चंद्रावर जाऊन आल्यावर तीस वर्षांनी! आणि चौथी गोष्ट, ‘हिलरी अँड जॅकी’ हा चित्रपट. जॅकलिन द्यू प्रे (१९४५–१९८७) ही थोर चेलोवादक. १९७३ साली तिच्या आजाराचे निदान झाले आणि पुढची चौदा वर्षे ती त्याच्याबरोबर जगली. तिच्या भावंडांच्या पुस्तकावर आधारलेल्या ह्या चित्रपटाची बरीचशी चर्चा निदानापूर्वीच्या काळातील एका नाजूक कौटुंबिक संबंधाभोवती फिरली. आजारी बाईची कामवासना पडद्यावर आली, पण ती प्रवाद म्हणून. त्या चौदा वर्षांतल्या तिच्या शरीराबद्दल कुणाला कुतूहल नव्हते.

पुरुषांना गोळी मिळाल्यावर ती स्त्रियांनाही द्यावी, हा विचार स्वाभाविक होता. लंडनमध्ये क्लेअर फाउलर ह्यांच्या गटाने हा आजार असलेल्या १९ स्त्रियांवर तिचा प्रयोग केला आणि २००४ साली निष्कर्ष छापले. ओलाव्यात थोडी सुधारणा झाली, कामपूर्तीत मात्र लाभ दिसला नाही. मला हा छोटा, निराशाजनक निबंध ह्या साऱ्या इतिहासातील फार प्रामाणिक कागद वाटतो. गोळी रक्ताचा ओघ वाढवते. बाईची अडचण बहुतेक वेळा संवेदनेच्या वाटेवर असते, आणि त्या वाटेच्याही अलीकडे थकवा आणि मनाची स्थिती उभी असते. पुरुषासाठी शिवलेला अंगरखा तिच्या अंगाला बसला नाही.

मग मदत करायची ती कशी? येथे फोली आणि आयव्हर्सन ह्यांनी १९९२ साली केलेली विभागणी उपयोगी पडली. अडचणी तीन थरांच्या. मज्जासंस्थेतील इजेमुळे थेट आलेल्या: बधिरपणा, जळजळ, ओलावा न येणे. आजाराच्या इतर लक्षणांमुळे आलेल्या: मांड्या जवळ ओढून धरणारा स्नायूंचा ताठरपणा, लघवी होईल ही धास्ती, दुपारनंतर अंगात त्राण न उरणे. आणि तिसऱ्या थरात मन व समाज: आपण कुणाला हव्याशा वाटणार नाही ही खात्री, आणि दिवसभर सेवा करणाऱ्या नवऱ्याकडे रात्री प्रियकर म्हणून पाहता न येणे. ह्या तिसऱ्या थराचे वर्णन कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मेअर्झच्या लिखाणात अधिक नेमके मिळते. २००० साली एकोणीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, ती ह्याच तीन थरांवर बेतलेली आहे.

प्रत्यक्ष उपाय ऐकले तर कुणालाही ते घरगुती वाटतील. थकवा सकाळी कमी असतो, तेव्हा रात्रीचाच हट्ट सोडावा. आधी लघवी करून यावे. कॅथेटर असेल तर तो कसा वळवावा हे परिचारिकेने दाखवावे. पाण्यात मिसळणारे वंगण वापरावे. गुडघ्यांखाली उशी घ्यावी, कुशीवर व्हावे. ताठरपणावरचे औषध वेळ साधून घ्यावे आणि नैराश्यावरचे औषधच कामपूर्तीच्या आड येते आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकावेत. संवेदना कमी झाली असेल तर कंपन देणारे साधन वापरण्यात गैर काही नाही. आणि एक उपाय मला फार आवडतो: अंगभर हलकेच हात फिरवून शरीराचा नकाशा नव्याने काढायचा, कुठे सुख उरले आहे, कुठे ते नव्याने आले आहे, कुठे स्पर्श नकोसा झाला आहे. श्रमाने ह्या आजारात दृष्टी तात्पुरती अंधुक होते, हे उटहोफ ह्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवले होते; ऊष्म्यानेही लक्षणे तशीच तात्पुरती वाढतात. ही गोष्ट विदर्भातल्या मे महिन्यात, पंख्याखाली झोपणाऱ्या जोडप्यालाही तितकीच लागू आहे, आणि त्यांना ती कुणीतरी सांगायला हवी.

निरनिराळ्या पाहण्यांत स्त्रियांतील अशा अडचणींचे प्रमाण ४० पासून ८० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. हा पसारा पाहून विद्यार्थ्यांनी गोंधळू नये. काय विचारले आणि कसे विचारले ह्यावर तो अवलंबून आहे. स्त्रियांच्या कामजीवनासाठी सर्वत्र वापरली जाणारी एक प्रश्नावली २००० साली आली. तिच्यात गेल्या चार आठवड्यांत संबंध आला नसेल तर अनेक प्रश्नांना शून्य गुण पडतात. अविवाहित, विधवा किंवा नवरा दुबईला असलेली बाई त्या गणितात ‘बिघडलेली’ ठरते. त्याच वर्षी लिओनोर टीफर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत ‘न्यू व्ह्यू’ ही मोहीम सुरू केली. स्त्रीच्या प्रत्येक असमाधानाला विकार म्हणून औषध विकू नका, हा तिचा आग्रह. मौन तुटले ह्याचा आनंद मानताना बोलणे कुणाच्या भाषेत सुरू झाले, हेही पाहावे लागते.

भाषेचा मुद्दा निघाला तर महाराष्ट्राकडे वळणे प्राप्त आहे. र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. स्त्रीला कामसुखाचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, असे ते स्वच्छ मराठीत लिहीत. अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत, एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकरांसारखा वकील मिळवून, त्यांनी आपल्या भाषेत हा शब्दसंग्रह कमावला होता. तो पुढे वापराविना गंजला. आज मराठी बोलणारी मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णाशी मराठीत बोलता बोलता नेमक्या ह्या ठिकाणी इंग्रजीत शिरते, आणि ‘सेक्शुअल प्रॉब्लेम’ हा शब्द ऐकून सांगलीकडची बाई मान खाली घालून ‘नाही’ म्हणते. त्या ‘नाही’ची नोंद होते.

भारतात हा आजार दुर्मीळ आहे असे पुष्कळ काळ मानले गेले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ साली मुंबईत स्थापन झाली. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यातील सात प्रकारांत ह्या आजाराला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्यात त्याचे नाव स्वतंत्रपणे घातले गेले. त्या कायद्याचे पंचविसावे कलम आरोग्यसेवेचे आहे. सरकारने काय काय करावे ह्याची एक लांब यादी त्यात दिली असून तिची शेवटची बाब आहे लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवा, विशेषतः विकलांग स्त्रियांसाठी. यादीत शेवटची का होईना, पण ती आहे. ‘प्रजनन’ ह्या शब्दाचा अर्थ सरकारी यंत्रणेला बऱ्यापैकी कळतो. त्याच्या आधी आलेल्या ‘लैंगिक’ ह्या शब्दाचे काय करायचे, हे मात्र आशाताईला, परिचारिकेला, समुपदेशिकेला कुणी शिकवलेले सहसा दिसत नाही.

ह्यासाठी अ‍ॅननची पहिली पायरी मराठीत बांधून पाहावी लागेल, आणि हे काम निव्वळ डॉक्टरांचे नाही, भाषेच्या माणसांचेही आहे. ‘तुमचे वैवाहिक जीवन कसे आहे?’ हा प्रश्न सासूपासून सुरू होऊन पगारावर संपेल. ‘नवरा-बायकोच्या संबंधात काही अडचण?’ असे विचारले तर चोवीस वर्षांची अविवाहित मुलगी त्यातून बाहेर पडते, आणि ह्या आजाराच्या रुग्णांत तिच्यासारख्या बऱ्याच असणार. ‘कामजीवन’ म्हटले तर बाई नोकरीबद्दल सांगू लागेल. ‘संबंध’ हा शब्द सर्वांना कळतो, पण त्यात दुसरे माणूस लागते आणि सुख लागत नाही. ‘शरीरसुख’ जरा पुस्तकी खरा, तरी त्यात जोडीदाराची अट नाही आणि सुख हा शब्द उघडपणे आहे. तेव्हा तूर्त असे काही म्हणता येईल: ‘ह्या आजारात बऱ्याच बायकांना शरीरसुखाच्या बाबतीतही फरक जाणवतो. तुम्हांला तसं काही जाणवलंय का? आज नाही सांगितलंत तरी चालेल, पुढच्या वेळी मी पुन्हा विचारेन.’